मामट्रॅस्ना हत्याकांड (१८८२): परस्परविरोधी साक्षी आणि न सुटलेले प्रश्न

डब्लिनच्या पश्चिमेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर वसलेले मेनूथ हे आज विद्यापीठाचे गाव म्हणून ओळखले जाते. १७९५ साली येथे स्थापन झालेल्या सेंट पॅट्रिक्स महाविद्यालयातून आयर्लंडमधील कॅथलिक धर्मगुरूंच्या पिढ्यान् पिढ्या शिकून बाहेर पडल्या. गावातून रॉयल कालवा जातो आणि कालव्याला लागूनच १८४७ साली सुरू झालेला रेल्वेमार्ग आहे. आज येथे डब्लिनच्या उपनगरी गाड्या आणि स्लायगोच्या गाड्या दिसतात. गॉलवेची गाडी आता दुसऱ्या मार्गाने धावते. व्हिक्टोरिया राणीच्या काळात मात्र गॉलवेहून राजधानीला येणारी गाडी अथलोन, मलिंगार, मेनूथ असे टप्पे घेत डब्लिनच्या ब्रॉडस्टोन स्थानकात पोहोचत असे. नोव्हेंबर १८८२ मध्ये गॉलवे परगण्याच्या डोंगराळ भागातील काही शेतकऱ्यांवर डब्लिनमध्ये खुनाचे खटले चालले, तेव्हा त्या भागाला राजधानीशी जोडणारा लोहमार्ग हाच होता. शिक्षा झाल्यावर तिघांना फाशीसाठी पुन्हा गॉलवेला नेण्यात आले. त्या तिघांपैकी एक, मायल्स जॉइस, निर्दोष होता, असे आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांनी १३५ वर्षांनंतर मान्य केले.

मामट्रॅस्ना हत्याकांड या नावाने हे प्रकरण प्रसिद्ध आहे. कायद्याच्या दप्तरी गुन्हा उघडकीस आला, आरोपी सापडले आणि शिक्षाही झाल्या. परंतु हत्या नेमकी कोणी केली, घरात शिरलेले किती होते, बेत कोणाचा होता आणि कारण काय होते, या चारही प्रश्नांना आजवर सर्वमान्य उत्तर मिळालेले नाही. उपलब्ध आहेत त्या केवळ साक्षी, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत.

घटना

मामट्रॅस्ना ही गॉलवे आणि मेयो या परगण्यांच्या सीमेवर, लॉख मास्क सरोवराच्या वरच्या अंगाला असलेली वस्ती. या प्रदेशाला ‘जॉइसांचा मुलूख’ म्हणतात, कारण येथे जॉइस आडनावाची घरे शेकड्याने आहेत. कोकणातील एखाद्या वाडीत सगळीच घरे एका आडनावाची असावीत आणि माणसे बापाच्या किंवा जागेच्या नावाने ओळखली जावीत, तसाच हा प्रकार. या प्रकरणाची कागदपत्रे वाचताना पहिली अडचण येते ती हीच. मृत जॉइस, साक्षीदार जॉइस, आरोपीही जॉइस. त्यात पॅट्रिक जॉइस नावाचे एकाहून अधिक. सगळी मिळून एक भावकी होती आणि भावकीत असतात तशी जुनी भांडणेही होती.

१७ ऑगस्ट १८८२ च्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, काही माणसे जॉन जॉइस यांच्या घरात दार मोडून शिरली. जॉन, त्यांची पत्नी ब्रिजेट, वृद्ध आई मार्गारेट आणि मुलगी पेगी यांना त्यांनी ठार केले. थोरला मुलगा मायकेल गोळ्यांनी जबर जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. धाकटा पॅट्सी, वय दहाच्या आसपास, डोक्याला मार लागूनही वाचला. आणखी एक मुलगा, मार्टिन, त्या रात्री घरी नव्हता.

त्या वर्षी आयर्लंड आधीच पेटलेले होते. जमीनदारांविरुद्धची चळवळ ऐन भरात होती. ६ मे रोजी डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये मुख्य सचिव लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश आणि त्यांचे दुय्यम थॉमस बर्क यांचा खून झाला होता. त्याच वर्षाच्या आरंभी मामट्रॅस्नाजवळच्याच भागात लॉर्ड आर्डिलॉन यांचा कारभारी जोसेफ हडी आणि त्याचा नातू यांना मारून प्रेते लॉख मास्कमध्ये टाकण्यात आली होती. सरकारला तातडीने गुन्हेगार हवे होते, आणि नव्या दडपशाहीच्या कायद्याने खटले स्थानिक परगण्याबाहेर, खास निवडलेल्या ज्यूरीपुढे चालवण्याची सोय करून ठेवली होती.

पहिली साक्ष: मुलांची

सर्वांत आधी नोंदली गेली ती मरणाच्या दारात असलेल्या मायकेलची आणि जखमी पॅट्सीची जबानी. दोघांचे म्हणणे थोडक्यात असे: घरात तीन-चार माणसे आली, त्यांच्या अंगात पांढऱ्या लोकरीची गावठी जाकिटे होती, तोंडाला काळे फासलेले होते आणि त्यामुळे कोणालाही ओळखता आले नाही.

ही जबानी घटनेनंतर काही तासांतच दिलेली आहे. ती देणारे घराच्या आत होते. कोणाचेही नाव त्यांनी घेतले नाही, म्हणजे कोणाला गोवण्याचा हेतू त्यांच्यावर लादता येत नाही. जबानी अपुरी आहे हे खरेच; अंधार, भीती आणि जखमा यांत माणसे मोजण्यात चूक होऊ शकते. मात्र चेहऱ्यावर काळे असणे किंवा नसणे ही मोजणीची बाब नाही, आणि दोन्ही भाऊ त्याबाबत एकच सांगत होते.

दुसरी साक्ष: पाठलाग करणाऱ्या तिघांची

एकदोन दिवसांत अँथनी जॉइस, त्याचा भाऊ जॉन आणि जॉनचा मुलगा पॅट्रिक असे तिघे पोलिसांकडे आले. त्या रात्री कुत्री भुंकू लागली म्हणून अँथनी उठला, त्याला काही माणसे जाताना दिसली, त्याने भावाला व पुतण्याला उठवले आणि तिघांनी लपतछपत त्यांचा माग काढला. वाटेत आणखी काही जण मिळून एकूण दहा झाले. ते जॉन जॉइसच्या घरापाशी गेले, दार मोडल्याचा आवाज व किंकाळ्या ऐकू आल्या आणि तिघे घाबरून पळाले, असे त्यांचे कथन होते. दहाही जणांना ओळखल्याचे सांगून त्यांनी नावे दिली. पोलिसांनी दहाही जणांना अटक केली.

वरवर पाहता ही साक्ष भक्कम आहे. तीन माणसे, एक हकिकत, दहा नावे. पण ती बारकाईने पाहू लागले की प्रश्न उभे राहतात.

पहिला प्रश्न प्रकाशाचा. १७ मे १८८२ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले होते, म्हणजे त्या दिवशी अमावस्या होती. तेथून तीन चांद्रमास मोजले की १३-१४ ऑगस्टच्या सुमारास अमावस्या येते. म्हणजे १७ तारखेला आकाशात असलीच तर शुद्ध चतुर्थीच्या आसपासची कोर, आणि ती सूर्यास्तानंतर लवकरच मावळलेली. मध्यरात्री त्या डोंगरात चंद्रप्रकाश नव्हता. अशा रात्री, स्वतः दिसणार नाही इतके अंतर राखून, एकामागून एक चालणाऱ्या दहा जणांचे चेहरे ओळखणे कितपत शक्य होते? शेजाऱ्याला चालीवरून किंवा आवाजावरून ओळखता येते, हे ग्रामीण जीवन पाहिलेला कोणीही मान्य करील. एकदोघांबाबत ते पटते. दहाच्या दहा नावांबाबत पटणे कठीण.

दुसरा प्रश्न वर्तनाचा. दहा माणसे रात्री कोठेतरी चालली आहेत म्हणून तीन निःशस्त्र माणसांनी मैलोन्‌मैल त्यांच्या मागे का जावे? आणि किंकाळ्या ऐकल्यावर त्याच पहाटे पोलिसांना किंवा शेजाऱ्यांना का कळवू नये? भीती हे उत्तर होऊ शकते. पण मग तीच भीती आधी पाठलाग करताना कोठे गेली होती, हे सांगावे लागते.

तिसरा प्रश्न वैराचा. आरोपींपैकी मायल्स जॉइस आणि त्याचे दोन भाऊ, मार्टिन आणि पॅट्रिक, हे या साक्षीदारांचे चुलतभाऊ होते आणि दोन घरांत आधीपासून बेबनाव होता. साक्षीच्या मोबदल्यात तिघांना पुढे सरकारकडून रोख रक्कमही मिळाली. वैर आणि पैसा यांमुळे साक्ष आपोआप खोटी ठरत नाही. तिला बाहेरचा आधार मात्र हवा.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड आणि तो मुलांच्या जबानीतून येतो. तीन-चार माणसे आत आणि बाकीची बाहेर, असे धरले तर संख्येतला विरोध मिटवता येतो. सरकार पक्षाला तेवढी वाट होती. चेहऱ्यांचा विरोध मात्र मिटत नाही. मारेकऱ्यांनी तोंडे काळी केली असतील, तर अमावस्येनंतरच्या काळोखात त्यांना दुरून ओळखणे अशक्यप्राय होते. म्हणजे मुलांची जबानी खरी धरली तर तिघांची साक्ष ढासळते. दोन्ही साक्षी ज्यूरीपुढे ठेवून त्यांना निवड करू देणे, एवढाच न्याय्य मार्ग होता. तसे झाले नाही.

ज्या साक्षी न्यायालयाने ऐकल्याच नाहीत

डब्लिनच्या ग्रीन स्ट्रीट न्यायालयात न्यायमूर्ती चार्ल्स बॅरी यांच्यापुढे नोव्हेंबरमध्ये खटले सुरू झाले. आरोपींवर वेगवेगळे खटले चालवण्यात आले. पहिल्या खटल्यात पॅट्सीला आणण्यात आले. त्याला फक्त आयरिश भाषा येत होती. दुभाषामार्फत त्याला देव, शपथ आणि खोटे बोलण्याचे परिणाम यांविषयी विचारले गेले. त्याला समाधानकारक उत्तरे देता आली नाहीत, म्हणून त्याला शपथेचा अर्थ कळत नाही असे ठरवून साक्षीला अपात्र मानण्यात आले. घरातला एकमेव जिवंत प्रत्यक्षदर्शी अशा रीतीने परत गेला. चेहरे काळे केल्याचा भाग असलेली मुलांची जबानी बचाव पक्षाच्या हातीही योग्य वेळी पडली नाही. हे लपवणे पुढे या प्रकरणातील सर्वांत मोठा आक्षेप ठरले.

येथे भारतीय वाचकाला एक तुलना सुचल्यावाचून राहत नाही. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केलेला भारतीय पुरावा कायदा तेव्हा दहा वर्षे जुना होता. त्याच्या कलम ११८ नुसार मूल साक्षीस पात्र आहे की नाही हे ठरवण्याची कसोटी एकच: प्रश्न समजून त्याला सुसंगत उत्तर देता येते का. धर्मज्ञान विचारण्याचे कारण नव्हते, आणि १८७३ च्या शपथ कायद्यानुसार शपथ राहून गेली म्हणून साक्ष बाद होत नसे. कलम ३२ मुळे मृत माणसाने मृत्यूच्या कारणाविषयी केलेले कथनही, ते करताना त्याने जगण्याची आशा सोडलेली असो वा नसो, पुराव्यात घेता येई. इंग्लंड व आयर्लंडमधील कायद्यात ही आशा सुटलेली असणे आवश्यक होते. म्हणजे पॅट्सी त्याच वर्षी ठाण्याच्या किंवा रत्नागिरीच्या सत्र न्यायालयात उभा असता, तर त्याचे ऐकून घेण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. एकाच साम्राज्यातील ही विसंगती आहे. भारतात तो कायदा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाने बदलला; या तरतुदींचा गाभा मात्र नव्या कायद्यातही कायम आहे.

न ऐकलेली दुसरी साक्ष खुद्द आरोपींची. त्या काळच्या कायद्यानुसार आरोपीला स्वतःच्या खटल्यात शपथेवर साक्ष देता येत नसे. इंग्लंडमध्ये हा निर्बंध १८९८ साली उठला, पण तो कायदा आयर्लंडला लागू केला नव्हता. तेथे १९२४ पर्यंत वाट पाहावी लागली. मायल्स जॉइसची अडचण तर दुहेरी होती. तो केवळ आयरिश बोलत असे. १८८१ च्या जनगणनेत आयरिशखेरीज दुसरी भाषा न येणारे सुमारे ६४ हजार लोक नोंदले गेले होते. तो त्यांतला एक. खटला इंग्रजीत चालला, ज्यूरी डब्लिनची आणि इंग्रजी जाणणारी. दुभाषी पोलीस दलातलाच होता, म्हणजे आरोपी पकडणाऱ्या संस्थेचाच माणूस. आयरिश साक्षीदाराचे शब्द ज्यूरीसाठी इंग्रजीत केले जात. पण इंग्रजीत काय चालले आहे हे आरोपीला समजावून सांगण्याची नीट व्यवस्था नव्हती. दोषी ठरवल्यावर मात्र, काही सांगायचे आहे का, असे त्याला दुभाषामार्फत विचारले गेले. आपला या हत्येशी संबंध नाही, असे त्याने देवाची साक्ष काढून सांगितले. ज्यूरीला निर्णयासाठी सहा मिनिटे लागली होती.

माफीचे साक्षीदार

खटला उभा राहण्याच्या बेतात असताना दहापैकी दोन आरोपी, अँथनी फिलबिन आणि थॉमस केसी, माफीचे साक्षीदार झाले. त्यांची साक्ष पाठलाग करणाऱ्या तिघांच्या साक्षीशी बरीचशी जुळत होती. ज्यूरीच्या दृष्टीने आता पाच माणसे एकच हकिकत सांगत होती.

पाच माणसांचे एकमत आणि एका हकिकतीच्या पाच प्रती यांत फरक आहे. तो ओळखण्यासाठी प्रत्येक साक्ष कोठून आली हे पाहावे लागते. फिलबिन आणि केसी यांनी तोंड उघडले तेव्हा तिघांनी दिलेली दहा नावे पोलिसांकडे अनेक आठवडे होती, आणि त्याच नावांवरून हे दोघे तुरुंगात बसले होते. सरकारला हवी होती ती या नावांची पुष्टी. नावे गाळली तर माफी धोक्यात येणार, जुळवली तर जीव वाचणार, अशा स्थितीत दिलेली साक्ष आधीच्या साक्षीला स्वतंत्र बळ देत नाही. माफीच्या साक्षीदाराचे म्हणणे महत्त्वाच्या तपशिलात स्वतंत्र पुराव्याने पक्के होत नसेल, तर ते विश्वासार्ह मानू नये, हा सावधगिरीचा नियम त्या काळीही न्यायाधीशांना ठाऊक होता. भारतीय पुरावा कायद्यात तो कलम ११४ च्या उदाहरणात लिहूनच ठेवलेला होता. येथे तिघे केसीला पुष्टी देत होते आणि केसी तिघांना. वर्तुळाबाहेरचा पुरावा एकही नव्हता.

पॅट जॉइस, पॅट केसी आणि मायल्स जॉइस हे तिघे दोषी ठरले. ते पाहून उरलेल्या पाच जणांनी एका धर्मगुरूच्या सल्ल्यावरून गुन्हा कबूल केला. त्यांची फाशी रद्द होऊन जन्मभर सक्तमजुरी झाली. त्यांतले दोघे तुरुंगातच वारले, तिघे १९०२ साली सुटले. या कबुल्यांना पुरावा म्हणून किती किंमत द्यावी? लागोपाठ तीन ज्यूरींनी काही मिनिटांत फाशीचे निर्णय दिल्यावर, कबूल केल्यास जीव वाचेल असे कळलेल्या माणसाची ती कबुली आहे. गुन्हा खरोखर केलेला माणूस अशा वेळी कबुली देईल, आणि न केलेलाही देईल. त्यामुळे तिच्यावरून काहीच ठरत नाही.

फाशीपूर्वीची आणि नंतरची कथने

फाशीच्या आदल्या दिवसांत पॅट जॉइस आणि पॅट केसी यांनी तुरुंगात वेगवेगळी निवेदने दिली. आम्ही हत्येत होतो, पण मायल्स जॉइस निर्दोष आहे, असा दोघांचा आशय होता. ही निवेदने राजप्रतिनिधी अर्ल स्पेन्सर यांच्यापुढे गेली. त्यांनी कायदा आपले काम करील असे उत्तर पाठवले. १५ डिसेंबर १८८२ रोजी गॉलवेच्या तुरुंगात तिघांना एकत्र फाशी देण्यात आली. मायल्स शेवटपर्यंत आयरिशमध्ये आपले निर्दोषत्व सांगत होता. त्याचा दोर नीट बसला नाही आणि त्याला मरायला काही मिनिटे लागली. त्या तुरुंगाच्या जागी आज गॉलवेचे कॅथीड्रल उभे आहे.

या दोन निवेदनांचे वजन कसे करावे? देणाऱ्यांना त्यातून काही मिळणार नव्हते. उलट, मायल्सला सोडवताना त्यांनी स्वतःवरचा आरोप मान्य केला होता. मरणाऱ्या माणसाने भावकीतल्या एखाद्याला वाचवण्यासाठी खोटे बोलणे अशक्य नाही. पण केवळ नात्याखातर बोलायचे असते तर आरोपींत इतरही नातेवाईक होते. सरकारची अडचण वेगळी होती: मायल्सविषयीचे त्यांचे म्हणणे मान्य केले, तर ज्या तिघांच्या साक्षीवर आठही शिक्षा उभ्या होत्या ती साक्ष एका माणसाबाबत तरी खोटी ठरत होती. मग बाकीच्यांचे काय, हा प्रश्न टाळता आला नसता.

तो प्रश्न ऑगस्ट १८८४ मध्ये पुन्हा उभा राहिला. तूरमाकेडी येथील चर्चमध्ये, टूआमचे आर्चबिशप जॉन मॅकईव्हिली आले असताना, थॉमस केसीने लोकांसमोर कबूल केले की त्याची साक्ष खोटी होती. मायल्स निर्दोष होता, शिक्षा भोगणाऱ्यांपैकी चौघे निर्दोष आहेत आणि खऱ्या मारेकऱ्यांपैकी काहींवर आरोपच ठेवले गेले नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. मायल्सचे नाव घेतल्याशिवाय माफी मिळणार नाही असे आपल्याला सांगण्यात आले होते, असा त्याचा दावा होता. सरकारने तो नाकारला. मॅकईव्हिली हे मेनूथच्या महाविद्यालयात शिकलेले, चळवळीबाबत सावध भूमिका घेणारे धर्माधिकारी. त्यांनीही राजप्रतिनिधींकडे चौकशीची मागणी केली. चौकशी झाली नाही.

केसीचे दुसरे म्हणणे सोयीचे वाटते म्हणून ते लगेच खरे मानण्याचा मोह टाळायला हवा. शपथेवर खोटे बोललो असे सांगणाऱ्या माणसाचे हे शब्द आहेत, आणि दोन वर्षे गावात ‘खबऱ्या’ म्हणून जगलेल्या माणसावर शेजाऱ्यांचा दबाव काय असेल याची कल्पना करता येते. तरीही त्याच्या दोन कथनांत तोल एका बाजूला झुकतो. पहिल्या कथनाने त्याचा जीव वाचला. दुसऱ्याने त्याला खोट्या साक्षीच्या आरोपाखाली आणले असते. पहिले कथन मुलांच्या जबानीशी विसंगत होते. दुसरे तिच्याशी आणि फाशी गेलेल्या दोघांच्या निवेदनांशी जुळते. ही निवेदने देणारे तेव्हा हयात नव्हते आणि ती देताना केसी त्यांच्या जवळ नव्हता. जुळणीला अर्थ येतो तो असा.

वेस्टमीथचे खासदार टिमथी हॅरिंग्टन यांनी सर्व कागद जमवून १८८४ साली एक पुस्तिका प्रसिद्ध केली आणि प्रश्न ब्रिटिश संसदेत नेला. जुलै १८८५ मध्ये पार्नेल यांनी तो पुन्हा मांडला, तेव्हा नव्याने सत्तेवर आलेल्या हुजूर पक्षाच्या काही नेत्यांनी स्पेन्सर यांच्या कारभारापासून स्वतःला दूर ठेवले. आयरिश मतांचे गणित त्यामागे होते हे उघड आहे. मृतांना त्याचा उपयोग झाला नाही.

काय ठरवता येते, काय नाही

तिघा साक्षीदारांची हकिकत पूर्ण बनावट होती, असे म्हणून हात झटकता येत नाहीत. त्यांनी दिलेल्या दहा नावांत पॅट जॉइस आणि पॅट केसी होते, आणि त्या दोघांनी स्वतःचा सहभाग मरणापूर्वी मान्य केला. म्हणजे ही साक्ष काही अंशी खरी निघाली. ही माहिती त्यांना कशी मिळाली? एक शक्यता अशी की त्यांनी खरोखर काही माणसे पाहिली, एकदोघांना ओळखले आणि उरलेली नावे वैरातून भरली. दुसरी अशी की त्यांनी काहीच पाहिले नाही, पण लहानशा वस्तीत दुसऱ्या दिवशी जी कुजबुज झाली तिच्यावरून अंदाज बांधला आणि ऐकीव गोष्ट डोळ्यांदेखत घडल्यासारखी सांगितली. काळोख आणि काळे केलेले चेहरे लक्षात घेता दुसरी शक्यता अधिक बलवान दिसते. पहिली पूर्णपणे बाद करण्याइतका आधार मात्र कागदपत्रांत नाही. साक्ष अर्धी खरी असते तेव्हा ती तपासणे सर्वांत कठीण जाते, कारण खरा भाग सिद्ध होत गेला की खोट्या भागालाही विश्वासार्हता मिळते. ग्रीन स्ट्रीटमध्ये मायल्सच्या बाबतीत हेच घडले.

हेतूबाबत तर सगळीच मते तर्क आहेत. मेंढ्यांच्या चोरीवरून वैर होते, असे एक मत. जॉन जॉइस एका गुप्त मंडळाचा खजिनदार होता आणि त्याने पैसे खाल्ले, असे दुसरे. मुलगी पेगी पोलिसांशी बोलताना दिसली होती म्हणून संशय आला, असे तिसरे. हडी आजोबा-नातवाची प्रेते सरोवरात टाकताना वृद्ध मार्गारेटने पाहिले होते, असेही सांगितले जाते. यांतले एकही शपथेवरील पुराव्याने सिद्ध झालेले नाही. खटल्यात हेतू दाखवण्याची गरजच सरकार पक्षाला भासली नाही, कारण पाच साक्षीदार हाती होते.

स्मृती काळाबरोबर कशी बदलते, याचे एक उदाहरण या प्रकरणातच आहे. लेखक जेम्स जॉइस यांनी १९०७ साली त्रिएस्तच्या एका इटालियन दैनिकात मायल्स जॉइसवर लेख लिहिला आणि भाषा न कळणाऱ्या न्यायालयापुढे उभ्या राहिलेल्या त्या माणसाला आयर्लंडचे प्रतीक बनवले. त्या लेखात मायल्स वयोवृद्ध, जवळपास कुलपुरुष आहे. प्रत्यक्षातला मायल्स चाळिशीतला संसारी शेतकरी होता. लेखाचा परिणाम मोठा झाला, परंतु साक्ष म्हणून तोही जपूनच वाचावा लागतो.

आधुनिक काळात फादर जार्लथ वॉल्ड्रन यांनी १९९२ मध्ये स्थानिक आठवणी आणि सरकारी दप्तर एकत्र तपासून मोठा ग्रंथ लिहिला. पूर्वी मेनूथ येथे अध्यापन केलेल्या प्राध्यापिका मार्गारेट केलेहर यांच्या २०१८ च्या पुस्तकाने भाषेचा प्रश्न मध्यवर्ती मानला. त्याआधी आयरिश सरकारने डब्लिनच्या विधी-इतिहासकार डॉ. नीव्ह हाउलिन यांच्याकडून अहवाल मागवला होता. आजच्या कसोट्या लावून जुन्या न्यायालयाला दोष देणे सोपे असते. त्यामुळे हाउलिन यांनी १८८२ च्या निकषांवरच खटला तपासला, आणि त्या निकषांवरही मायल्सची शिक्षा टिकण्यासारखी नव्हती असा निष्कर्ष काढला. ४ एप्रिल २०१८ रोजी राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स यांनी मायल्स जॉइसच्या मरणोत्तर माफीपत्रावर स्वाक्षरी केली.

हे माफीपत्र एकट्या मायल्सचे आहे. केसीच्या १८८४ च्या कथनानुसार निर्दोष असलेल्या आणि तरीही कबुली देऊन तुरुंगात गेलेल्या चौघांचा त्यात समावेश नाही. त्याने ज्यांना खरे मारेकरी म्हटले आणि ज्यांच्यावर कधीच आरोप ठेवला गेला नाही, त्यांच्यावर खटला झाला नाही. पॅट्सी आणि मार्टिन या दोघा भावांना डब्लिनच्या आर्टेन येथील औद्योगिक शाळेत ठेवण्यात आले.